तिकीट खरं, भाव खोटा

दिवाळीच्या आधी माळा उतरवला की पत्र्याच्या जुन्या ट्रंकेतून काय काय बाहेर पडतं! तांब्याची घंगाळी, कुणाच्या तरी लग्नातले फोटो, पिवळी पडलेली पत्रं आणि एखाद्या घरात आजोबांचा तिकिटांचा अल्बम. समजा, असाच एक अल्बम एका घरात निघाला. पानं उलटता उलटता थोरल्या मुलाचा हात एका तिकिटापाशी थांबतो. गांधीजींचं चित्र, किंमत दहा रुपये, वर शिक्क्याचा अर्धा गोल आणि इंग्रजीत छापलेला एक शब्द : सर्व्हिस.

मुलगा मोबाईलवर शोधतो आणि ओरडतोच. ‘बाबा, अशी चार तिकिटं लंडनच्या कंपनीने पाच लाख पौंडांना विकलीत!’ घरात क्षणभर शांतता. धाकटीच्या इंजिनीअरिंगची फी भरायची आहे, घराचे हप्ते चालू आहेत. बाबांच्या डोळ्यांपुढे आकडे नाचू लागतात. आई मात्र पोळ्या लाटता लाटता म्हणते, ‘अहो, आधी कुणा जाणत्याला दाखवा. आकडे मग मोजा.’

प्रसंग काल्पनिक आहे, पण मुलाने सांगितलेली बातमी खरी आहे आणि आईचा सल्ला तर सोन्यासारखा आहे.

शंभरातलं एक

महात्माजींची हत्या ३० जानेवारी १९४८ रोजी झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, टपाल खात्याने त्यांची चार तिकिटं काढली : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए या नामांकित छापखान्यात झाली. तिकिटावर हिंदीत आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलेलं आहे. त्या काळात दहा रुपये ही मोठी रक्कम होती, त्यामुळे चौथं तिकीट सामान्य माणसाने फारसं घेतलंच नाही. म्हणून साधं दहा रुपयांचं तिकीटही आज चांगल्या भावाने जातं.

पण पाच लाख पौंडांचं तिकीट ते नव्हे. त्या वेळी गव्हर्नर जनरल होते चक्रवर्ती राजगोपालाचारी. त्यांच्या कचेरीच्या सरकारी टपालासाठी यातली काही तिकिटं बाजूला काढून त्यांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द छापला गेला. प्रत्येक किमतीची जेमतेम शंभर तिकिटं. त्यातली दहा रुपयांची फारच थोडी आज जगात माहीत आहेत. अशाच चार जोडतिकिटांची पट्टी २०१७ साली लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या एका संग्राहकाला पाच लाख पौंडांना विकली.

आता ठगाच्या डोक्याने विचार करा. गांधीजींचं अख्खं तिकीट नकली छापणं अवघड. त्यासाठी तसा कागद हवा, तशी छपाई हवी. पण खरं तिकीट विकत घेऊन त्यावर सात इंग्रजी अक्षरं उमटवायला काय लागतं? एक छोटासा ठसा आणि काळी शाई. तिकीट शंभर टक्के खरं, फक्त त्याचा भाव खोटा!

किंमत जिथे, नजर तिथे

बनावट तिकिटांच्या धंद्यातली मुख्य गोम इथेच आहे. ग्राहक विचारतो, ‘तिकीट खरं आहे ना?’ विक्रेता छातीवर हात ठेवून सांगतो, ‘अगदी खरं!’ आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणून प्रश्न बदलायला हवा. हे तिकीट महाग कशामुळे आहे? आणि ज्या गोष्टीमुळे ते महाग आहे, ती गोष्ट खरी आहे का?

कधी ती गोष्ट म्हणजे वर छापलेला एखादा शब्द असतो. कधी तिकिटामागचा न उतरलेला गोंद, कधी कडेचे दाते, कधी रंग, तर कधी पोस्टाचा शिक्का. ठग नेमक्या त्याच जागी हात मारतो. म्हणून तपासणाऱ्याने भिंग त्याच जागी धरायचं. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग, टोकाला बोथट असलेला चिमटा, दाते मोजायची पट्टी आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा, एवढ्या सामानात घरच्या घरी बरंच कळतं.

वर छापलेल्या शब्दापासूनच सुरुवात करू. सरकार आधी शब्द छापतं, मग तिकीट विकलं जातं आणि शिक्का पडतो तो सगळ्यांत शेवटी. त्यामुळे शिक्क्याची शाई छापील शब्दाच्या वर असायला हवी. भिंगातून शब्दाची शाईच शिक्क्यावर चढलेली दिसली, तर शब्द मागाहून कुणी तरी उमटवला हे उघड आहे. दुसरं म्हणजे अक्षरांची मापं. चांगल्या कॅटलॉगमध्ये अशा छापील शब्दांचे नमुने दिलेले असतात. अक्षरांची उंची, जाडी, दोन अक्षरांमधलं अंतर त्यांच्याशी पडताळून पाहावं. केसाएवढा फरकही इथे बोलका ठरतो.

पाठीवरचा गोंद

संग्राहकांना कोरं, न वापरलेलं तिकीट आवडतं. पाठीवरचा मूळ गोंद शाबूत असेल तर आणखीच आवडतं. पूर्वी तिकिटं अल्बममध्ये लावायला ‘हिंज’ नावाची कागदाची छोटी पट्टी वापरत. ती काढली की गोंदावर डाग राहतो. असा डाग नसलेल्या जुन्या तिकिटाला डाग असलेल्यापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. मग काय, गोंद गेलेल्या तिकिटाला पुन्हा गोंद लावून द्यायचा!

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. छापखान्यात आधी कागदाला गोंद लावतात आणि नंतर भोकं पाडतात. म्हणून तिकिटं फाडून वेगळी केली की दात्यांची टोकं मऊ, तंतुमय राहतात. मागाहून गोंद लावताना तो दात्यांच्या टोकांत झिरपतो आणि वाळून कडक होतो. भिंगातून टोकं चिकटलेली, चकचकीत दिसतात. बोटाच्या पेराला ती टोचतातही.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा. कोकणातला, मुंबईतला पावसाळा सोसलेल्या तिकिटाच्या गोंदाला बहुधा थोडा पिवळेपणा येतो, एखादा तांबूस ठिपका पडतो. शंभर वर्षांचं तिकीट आणि गोंद मात्र कालच लावल्यासारखा झकास? असं दिसलं तर आनंदी होण्याआधी सावध व्हावं.

दाते वाढवलेले, दाते कापलेले

तिकिटाच्या कडेला दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात, यावरून त्याच्या दात्यांचं माप ठरतं. १९४८ च्या गांधी तिकिटांचं माप आहे साडेअकरा. मोजायची पट्टी स्वस्तात मिळते. समोरच्या तिकिटाचं माप साडेअकराऐवजी तेरा किंवा चौदा आलं, तर पुढे काही पाहायची गरजच नाही.

कधी कधी एकाच चित्राच्या तिकिटाला वेगवेगळे दाते असतात. त्यातला एक प्रकार स्वस्त असतो आणि दुसरा दुर्मीळ. मग स्वस्त तिकिटाची कड कापून नवे दाते पाडले जातात. अशा तिकिटाची एक बाजू दुसरीपेक्षा अरुंद होते, चित्र मधोमध राहत नाही, समोरासमोरची भोकं एका रेषेत येत नाहीत. खऱ्या दात्यांची टोकं फाटल्यासारखी असतात, पाडलेल्या दात्यांची टोकं कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसतात.

याच्या उलट प्रकारही चालतो. छापखान्याच्या चुकीने एखादा ताव भोकं न पाडताच बाहेर पडतो. असं बिनदात्यांचं तिकीट म्हणजे संग्राहकांना पर्वणीच. ठग साध्या तिकिटाचे दाते कापून टाकतो आणि ‘छपाईतली चूक’ म्हणून विकतो. पण कापल्यावर तिकीट लहान होतं. खरं बिनदात्यांचं तिकीट दातेवाल्या तिकिटापेक्षा थोडं मोठं भरायला हवं. म्हणूनच जाणते लोक अशी तिकिटं जोडीत मागतात. जोडून असलेल्या दोन तिकिटांच्या मध्ये भोकं नसली, तर कात्रीची करामत तिथे चालत नाही.

धुतलेला शिक्का, उडालेला रंग

जुन्या काळी मोठ्या किमतीची तिकिटं दस्तऐवजांवरही लावत आणि पेनने रेघ ओढून रद्द करत. पेनची रेघ असलेलं तिकीट स्वस्त, कोरं तिकीट महाग. मग ती रेघ रसायनाने धुतली जाते. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरलं की रेघेची पुसट सावली अनेकदा वर येते. जिथे रसायन लागलं तिथला कागदही वेगळा दिसतो.

याच दिव्याची आणखी एक गंमत आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात झळाळी देणारी द्रव्यं घालण्याची पद्धत सर्वत्र पसरली ती साधारण १९५० नंतर. असा कागद जांभळ्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. त्यामुळे इंग्रजी अमदानीतलं म्हणून दिलेलं तिकीट झगझगीत चमकू लागलं, तर संशय घ्यावा. मात्र एकदम निकाल देऊ नये. कपडे धुण्याच्या पावडरीतही तीच द्रव्यं असतात. कुणी तिकीट त्या पाण्यात भिजवलं असेल, तर खरं तिकीटही चमकेल.

रंगाचं म्हणाल तर ऊन हाच मोठा ठग आहे. हिरव्या रंगातला पिवळा अंश उन्हाने किंवा रसायनाने उडाला की तिकीट निळं दिसू लागतं. मग ते ‘रंग चुकलेलं दुर्मीळ तिकीट’ म्हणून खपवलं जातं. अशा वेळी चित्राच्या कोपऱ्यात, बारीक रेघांच्या खोबणीत भिंगाने पाहावं. मूळ रंगाचा एखादा कण तिथे लपून राहिलेला असतो.

छपाईतल्या चुकांचा राजा म्हणावा असं तिकीट आपल्या देशातलंच आहे. १८५४ साली कोलकात्यात छापलेल्या चार आण्यांच्या दुरंगी तिकिटात लाल चौकट आणि निळं राणीचं डोकं वेगवेगळं छापलं जाई. काही ताव उलटे सरकले आणि राणीचं डोकं खाली झालं. अशी अगदी मोजकी तिकिटं शिल्लक आहेत. दुरंगी तिकिटाचा मधला भाग अलगद कापून उलटा चिकटवायचा, ही ठगांची जुनी युक्ती आहे. समोरून ती कळत नाही, पण तिकीट पाठीमागून तिरप्या उजेडात धरलं की सांधा दिसतो.

शिक्का काय सांगतो?

काही तिकिटं कोऱ्यापेक्षा वापरलेली महाग असतात. मग नकली शिक्के आलेच. इथे भिंगापेक्षा सामान्य ज्ञान जास्त कामाला येतं. गांधीजींच्या तिकिटावर १५ ऑगस्ट १९४८ च्या आधीची तारीख असूच शकत नाही. पिनकोड देशात सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तेव्हा १९५० सालच्या म्हणून दाखवलेल्या पाकिटावरच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर त्या पाकिटाला रामराम करावा. शहराचं इंग्रजी नाव ‘बॉम्बे’ जाऊन ‘मुंबई’ झालं १९९५ साली. त्याआधीच्या तारखेच्या शिक्क्यात इंग्रजी अक्षरांत ‘मुंबई’ दिसलं, तर तेही तपासून पाहावं.

असं ज्ञान किती उपयोगी पडतं, याची एक मजेदार हकिगत लंडनची आहे. १८७२-७३ च्या सुमारास तिथल्या शेअर बाजारातल्या तार कचेरीत एक शिलिंगाची नकली तिकिटं तारेच्या फॉर्मवर चिकटवली गेली. ग्राहकाचे पैसे खिशात आणि फॉर्मवर नकली तिकीट! त्या वेळी कुणालाच पत्ता लागला नाही. पुढे ते जुने फॉर्म रद्दीतून बाहेर आले आणि १८९८ साली चार्ल्स निसेन या जाणकाराच्या हाती ती तिकिटं लागली. त्या काळच्या इंग्रजी तिकिटांच्या चार कोपऱ्यांत, ते तावावर कुठल्या जागी होतं हे सांगणारी अक्षरं असत. या तिकिटांपैकी काहींवर अक्षरांची अशी जोडी होती, जी खऱ्या तावावर कुठेच नव्हती. चित्र हुबेहूब जमलं, पण हिशेब चुकला. पंचवीस वर्षांनी का होईना, चोरी उघडकीला आली.

ठगांचा कलावंत

सगळेच ठग मात्र इतके कच्चे नसतात. इटलीत जन्मलेला आणि फ्रान्समध्ये राहिलेला ज्याँ द स्पेराती (१८८४-१९५७) हा या विद्येतला बडा कलावंत. तो त्याच काळातलं एखादं खरं पण स्वस्त तिकीट घ्यायचा, रसायनाने त्यावरचं चित्र उडवायचा आणि त्याच कागदावर महागड्या तिकिटाचं चित्र छापायचा. कागद खरा, दाते खरे, कित्येकदा शिक्काही खरा!

१९४२ साली त्याने पोर्तुगालला पाठवलेलं एक पाकीट फ्रान्सच्या कस्टमवाल्यांनी अडवलं. मौल्यवान तिकिटं चोरून परदेशी पाठवल्याचा आरोप ठेवला. स्पेराती म्हणाला, ‘साहेब, ही तर मीच केलेली नक्कल आहे.’ पण तज्ज्ञांनी ती तिकिटं खरी असल्याचा निर्वाळा दिला! आपण नकलाकार आहोत हे सिद्ध करायची पाळी नकलाकारावरच आली. अखेर १९५४ साली ब्रिटनच्या एका तिकीट संघटनेने त्याचा सगळा माल आणि साधनं विकत घेतली, म्हणजे पुढची फसवणूक तरी थांबावी.

स्पेरातीच्या गोष्टीतून घ्यायचा धडा सोपा आहे. भिंग आणि दिवा घेऊन घरी तपासलं तर ढोबळ खोटेपणा पकडता येतो. आजकाल रंगीत प्रिंटरवर काढलेल्या नकला तर भिंगाखाली रंगांच्या बारीक ठिपक्यांनी लगेच उघड्या पडतात. पण घरच्या तपासणीत तिकीट पास झालं म्हणजे ते खरं ठरलं, असं नाही. रक्कम मोठी असेल तर तज्ज्ञ हवाच.

पैसे देण्याआधी

जुनं तिकीट विकत घ्यायचं असेल तर काही पथ्यं पाळावीत. बिल घ्यावं. बिलावर तिकिटाचं पूर्ण वर्णन असावं आणि तिकीट नकली ठरल्यास पैसे परत मिळतील, हे लेखी असावं. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं म्हणून जो बिल टाळतो, त्याच्यावर विश्वास न ठेवणंच बरं.

इंटरनेटवर फोटो पाहून घेणाऱ्यांनी तिकिटाच्या पाठीचा फोटो जरूर मागावा. चेहरा सगळेच दाखवतात, खोट पाठीवर असते. ‘आजोबांच्या संग्रहातलं, मला यातलं काही कळत नाही’ असं लिहून लाखाचं तिकीट हजारात देणारा बहुतेक वेळा सगळं कळणारा असतो.

महाग तिकिटासोबत तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र असावं. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती १८९४ पासून हे काम करते. प्रमाणपत्रावर तिकिटाचा फोटो असतो. त्या फोटोतला शिक्क्याचा कोन, दात्यांचे चढउतार हातातल्या तिकिटाशी ताडून पाहावेत. प्रमाणपत्र एका तिकिटाचं आणि विक्री दुसऱ्याची, असंही घडतं. मोठ्या शहरांत तिकीट संग्राहकांचे क्लब आहेत. तिथली जुनी मंडळी हौसेने मार्गदर्शन करतात. घरातल्या मुलांना छंद लावायचा असेल तर जनरल पोस्ट ऑफिसातल्या फिलाटेली विभागापासून सुरुवात करावी. तिथे नवी तिकिटं छापील किमतीतच मिळतात आणि फसवणुकीचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक. अल्बममधलं तिकीट मळकं दिसलं म्हणून ते धुऊ नये, फाटकं दिसलं म्हणून चिकटवू नये, गोंद गेला म्हणून लावू नये. हौसेने केलेली ही सफाई पुढे कुणाच्या तरी फसवणुकीला कारण होते आणि तिकिटाचं मोलही जातं.

आजोबांचा अल्बम

आता त्या घराकडे वळू. बाबा अल्बम घेऊन क्लबातल्या एका वयोवृद्ध संग्राहकांकडे गेले, असं समजू. आजोबा (मुलंही त्यांना आजोबाच म्हणू लागली) दाते मोजतात, साडेअकरा. चित्राची छपाई पाहतात, अस्सल. मग भिंग त्या शब्दावर नेतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. शिक्क्याची रेघ ‘सर्व्हिस’च्या अक्षरांखालून गेलेली असते. ते हळूच सांगतात, ‘बापूंचं तिकीट खरं आहे हो. शब्द मात्र कुणी तरी नंतर घातलाय. तुमच्या वडिलांनाही कुणी फसवलं असेल.’

परतीच्या वाटेवर मुलगा गप्प असतो. मग म्हणतो, ‘बाबा, नेटवर टाकून बघू या का? घेणारा घेईल, त्याचं तो पाहील.’ मोह कुणालाही पडेल. फीची तारीख जवळ आलेली असते. पण एखादं नकली तिकीट पन्नास-पन्नास वर्षं बाजारात फिरत राहतं ते अशाच घरांमधून. प्रत्येक फसलेला माणूस पुढच्याला शोधतो आणि शेवटी ते कुठल्या तरी शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशांवर येऊन थांबतं.

बाबा घरी येतात, पेन्सिल घेतात आणि तिकिटाच्या पाठीवर हलक्या हाताने लिहितात : ‘वरचा शब्द नकली.’ मग तिकीट पुन्हा आजोबांच्या अल्बममध्ये त्याच जागी ठेवतात. फीची सोय पतपेढीतून होईल. धाकटी भिंग उचलते आणि पुढचं पान उलटते.

‘बाबा, याचे दाते मोजू का?’